काश्यपीच्या पाण्यालगत वीस गुंठे: एका जमीनखरेदीत किती कार्यालयांची हद्द येते

नाशिकहून गिरणारे, धोंडेगाव करत पुढे वाघेरा-हरसूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर ‘फार्म प्लॉट’च्या पाट्या आता सवयीच्या झाल्या आहेत. काश्यपी धरणाचं पाणी समोर, मागे डोंगर आणि शहर गाडीने तासाभरात. खाली मांडलेलं प्रकरण नमुन्याचं आहे. या पट्ट्यात पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या अडचणी एकाच गटावर आणून दाखवल्या आहेत, म्हणून गावाचं नाव किंवा गट क्रमांक दिलेला नाही. कायदे, कागद आणि कार्यालयं मात्र जशी आहेत तशीच घेतली आहेत.

प्रस्ताव

खरेदीदार नाशिक शहरात नोकरी करणारं जोडपं. नवऱ्याच्या नावावर निफाड तालुक्यात वडिलोपार्जित सव्वा एकर आहे, त्यामुळे तो शेतकरी आहे. ही गोष्ट साधी वाटते, पण कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम 1948 च्या कलम 63 प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. निफाडचा सातबारा आणि 8-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा) हाताशी नसता, तर पुढचं काही करायची गरजच पडली नसती.

गटाचं सातबाऱ्यावरचं क्षेत्र 1 हेक्टर 62 आर (एक आर म्हणजे जवळपास एक गुंठा). त्यावर दोन भाऊ आणि एक बहीण अशी तीन नावं. थोरला भाऊ ‘पाण्याच्या बाजूचे’ वीस गुंठे विकायला तयार आहे. जोडप्याला तिथे छोटं घर आणि आंब्याची पंचवीस-तीस झाडं हवी आहेत. इसार दोन लाख, तोही आठवड्याच्या आत.

मध्यस्थाचं म्हणणं असं: सातबारा क्लिअर आहे. वीस गुंठ्यांची खरेदी आता होते. एनएची (अकृषिक परवानगीची) भानगड नाही, घराला ग्रामपंचायत परवानगी देते. आणि शेजारी बघा, चार बंगले उभे आहेत.

यातलं एकही वाक्य धडधडीत खोटं नाही, आणि घोळ तिथेच होतो. प्रत्येक वाक्य कुठल्या तरी एका कार्यालयापुरतं खरं आहे आणि दुसऱ्या कार्यालयात गेलं की कोसळतं. जमिनीला एकदाच ‘हो’ म्हणणारं कार्यालय महाराष्ट्रात अस्तित्वात नाही. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो. विक्रेत्याचा हक्क खरा आहे का, तिथे घर बांधता येईल का, हे तपासणं त्याचं काम नाही. तलाठी हक्काची नोंद ठेवतो, त्याला झोन, म्हणजे योजनेत त्या जमिनीला ठरवून दिलेला वापर, माहीत असायची गरज नाही. महानगर विकास प्राधिकरण झोन सांगतं, पण बहिणीचा हिस्सा कुठे गेला याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

एकाच बांधावर किती हद्दी

या गटाचं गाव महसुली गाव म्हणून नाशिक तालुक्यात येतं. ग्रामपंचायत मात्र गट ग्रामपंचायत आहे, तिचं कार्यालय शेजारच्या गावात. तलाठी सजा आणखी वेगळी, मंडळ अधिकाऱ्याचं ठाणं वेगळं. (2024 पासून तलाठ्याचं पदनाम ‘ग्राम महसूल अधिकारी’ आणि ग्रामसेवकाचं ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालं आहे. गावात जुनीच नावं चालतात, अर्जावर नवी लिहावीत.) गाव अनुसूचित, म्हणजे आदिवासी, क्षेत्रात आहे, म्हणून तिथल्या ग्रामसभांना खास अधिकार देणारा पेसा कायदा लागू. बांधकामाच्या बाबतीत ते नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, म्हणजे एनएमआरडीएच्या हद्दीत पडतं. समोरचा डांबरी रस्ता ग्रामीण मार्ग असल्याने तो जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचा. हाच रस्ता पुढे प्रमुख जिल्हा मार्गाला मिळाला की सार्वजनिक बांधकाम विभागाचा होतो. पाणी आणि पाण्याचा काठ जलसंपदा विभागाचा. डोंगराच्या बाजूला वन विभाग.

या हद्दी एकमेकींवर बसत नाहीत. एनएमआरडीएची हद्द तालुक्याच्या रेषेवर थांबत नाही आणि पेसाची यादी गावनिहाय असते. म्हणून ‘शेजारच्या गावात झालं ना’ हा पुरावा इथे चालत नाही. शेजारचं गाव दुसऱ्या यादीत असू शकतं.

चौकशीचा क्रम ठरवताना एकच कसोटी लावावी: जो प्रश्न फुकटात किंवा शे-दोनशे रुपयांत व्यवहार मोडू शकतो, तो आधी. मोजणी, वकिलाचा तीस वर्षांचा शोध आणि वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस हे खर्चाचे टप्पे. ते नंतर.

सातबारा ‘क्लिअर’ म्हणजे काय

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळतो. भोगवटादार वर्ग 1 (एरवी विक्रीवर बंधन नसलेली जमीन) दिसला की लोक समाधानाने पान मिटतात. वाचायचा रकाना मात्र ‘इतर हक्क’. इथे दोन नोंदी होत्या: विविध कार्यकारी सोसायटीचा पीककर्जाचा बोजा, आणि गटाच्या एका भागापुरती ‘कुळकायदा कलम 43 च्या बंधनास पात्र’.

बोज्याचा प्रश्न सोपा. कर्ज फेडून सोसायटीचा दाखला तलाठ्याकडे दिला की बोजा कमी करण्याचा फेरफार, म्हणजे बदलाची नोंद, होतो. कलम 43 म्हणजे कुळ म्हणून मिळालेली जमीन परवानगीशिवाय विकायला बंदी. 2014 च्या दुरुस्तीनंतर, कुळाला खरेदीचं 32म प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं झाली असतील तर आकारणीच्या (जमिनीच्या शेतसाऱ्याच्या) 40 पट नजराणा सरकारकडे भरून अशी जमीन शेतकऱ्याला विकता येते. या गटात बंधन असलेल्या भागातल्या विक्रेत्याच्या हिश्श्याला आकार होता 1 रुपया 80 पैसे. चाळीस पट म्हणजे 72 रुपये. लाखोंच्या व्यवहारात ही रक्कम हास्यास्पद वाटते, म्हणूनच ती राहून जाते. मग दस्त झाल्यावर मंडळ अधिकारी ‘कलम 43 चा भंग’ असा शेरा मारून फेरफार नामंजूर करतो, आणि खरेदीदार प्रांताकडे अपिलात. चलन दस्ताच्या आधी भरायचं आणि दस्ताला जोडायचं.

फेरफार मागे मागे वाचत जाणं हा कंटाळवाणा, पण सर्वांत जास्त फायद्याचा भाग. जुने स्कॅन केलेले फेरफार ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर मिळतात. तिथे नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज. हा गट जमीन एकत्रीकरण योजनेत दोन जुन्या सर्व्हे नंबरांतून बनलेला होता. एक तुकडा कुळ म्हणून आलेला, दुसरा 1971 च्या खरेदीने. एजंटने दाखवलेल्या कागदांत यातलं काहीच नव्हतं, कारण त्याने फक्त आजचा सातबारा आणला होता.

1971 ची ती खरेदी

अनुसूचित क्षेत्रातल्या गावात 1971 ची खरेदी दिसली की थांबायचं. जमीन महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36अ प्रमाणे आदिवासी व्यक्तीची जमीन बिगरआदिवासीला द्यायची तर जिल्हाधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते, विक्रीसारख्या हस्तांतरणाला शासनाची मान्यताही, आणि अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची संमतीही. हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्यामागचा 1974 चा कायदा ठाऊक नसतो: 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात आदिवासीकडून बिगरआदिवासीकडे गेलेल्या जमिनी परत करण्याचा. 1971 ची खरेदी बरोबर या मुदतीत बसते.

त्या वेळचा विक्रेता आदिवासी होता का, हे आडनावावरून ठरवायचं नाही. या पट्ट्यात महादेव कोळी, कोकणा, वारली, ठाकूर समाज आहेत आणि अनेक आडनावं मराठा-कुणबी घरांतही सापडतात. फेरफारात जातीचा उल्लेख आहे का पाहावा, आणि तहसील कार्यालयाकडे या गटावर जमीन परत करण्याची कार्यवाही झाली होती का, असा लेखी अर्ज करावा. इथे तशी चौकशी सत्तरच्या दशकातच झाली होती आणि ‘हस्तांतरण करणारा अनुसूचित जमातीचा नाही’ असा आदेश देऊन ती बंद केलेली होती. त्या आदेशाची नक्कल मिळाली. ती फाइलमधला सर्वांत मोलाचा कागद ठरली, कारण पुढे विकायची वेळ आली की हाच प्रश्न नवा खरेदीदार विचारणार.

एक गैरसमज इथेच दूर करावा. पेसा गावात कुठलीच जमीन बिगरआदिवासीला घेता येत नाही, असं काही जण सांगतात. बिगरआदिवासीची जमीन दुसऱ्या बिगरआदिवासीने घेण्यावर 36अ ची बंदी नाही. बंदी आदिवासी खातेदाराच्या जमिनीवर आहे, आणि ती खरोखर कडक आहे. कुलमुखत्यारपत्र, नव्व्याण्णव वर्षांचा भाडेपट्टा, ‘फक्त ताबा’ अशा पळवाटांनी ती ओलांडलेली जमीन शेवटी मूळ मालकाकडे जाते, खरेदी करणाऱ्याचे पैसे बुडतात. असा व्यवहार कोणी सुचवला तर तिथून उठावं.

वीस गुंठे विकत मिळतात, घर मिळत नाही

या प्रकरणाचा गाभा हा आहे.

तुकडेबंदी कायद्याखाली 2023 मध्ये प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा विकता येत नाही ते क्षेत्र, नव्याने ठरलं: जिरायत 20 गुंठे, बागायत 10 गुंठे. म्हणून ‘वीस गुंठ्यांची खरेदी आता होते’ हे एजंटचं वाक्य दुय्यम निबंधकाच्या टेबलावर बरोबर आहे. दस्त होईल, फेरफारही होईल.

घराचा प्रश्न दुसऱ्या कायद्यात आहे. एनएमआरडीएचा झोन दाखला आणि भाग नकाशा (योजनेच्या नकाशातला त्या गटाभोवतीचा भाग) मागवला तेव्हा गट शेती झोनमध्ये निघाला. डिसेंबर 2020 पासून राज्यभर (मुंबईसारखे अपवाद सोडून) लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत, ज्याला सगळे युडीसीपीआर म्हणतात, शेती झोनमध्ये फार्महाउसला किमान 0.4 हेक्टर जमीन लागते. वीस गुंठे म्हणजे 0.2 हेक्टर. निम्मी. शिवाय जमीन खरोखर कसलेली असावी लागते आणि बांधकाम तिच्या अगदी लहान हिश्श्यावरच होतं.

म्हणजे महसूल खात्याच्या हिशेबाने वीस गुंठे हा पूर्ण शेतीचा तुकडा, आणि नगररचनेच्या हिशेबाने घर बांधण्यास अपात्र. दोन्ही कार्यालयं आपापल्या जागी बरोबर आहेत. जोडप्याने खरेदी आधी आणि दाखला नंतर असा क्रम ठेवला असता, तर त्यांच्या हाती आंब्याची झाडं लावायला परवानगी असलेली जमीन उरली असती.

तुकडेबंदीत अलीकडे आणखी सवलती आल्या आहेत, पण त्यांचा रोख विकास योजनेत निवासी किंवा तत्सम वापर दाखवलेल्या जमिनींवर आहे. शेती झोनमधल्या गटाला त्या लागू आहेत असं गृहीत धरू नये. अकृषिक परवानगीचंही तसंच. 2014 पासून जमीन महसूल संहितेच्या कलम 42 मध्ये 42अ, 42ब, 42क, 42ड अशी भर पडत गेली आणि ‘एनए लागत नाही’ हे वाक्य लोकप्रिय झालं. 42ड ने गावठाणापासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीला सवलत दिली, तीही प्रादेशिक योजनेत त्या जमिनीला जो वापर दिला असेल त्याच वापरासाठी. झोन शेती असेल तर 200 मीटरची पट्टी घराला उपयोगाची नाही. आणि हा गट गावठाणापासून दीड किलोमीटरवर आहे.

भाग नकाशात आणखी एक गोष्ट दिसली, जी जागेवर दिसायचं काही कारणच नव्हतं: उत्तरेच्या कोपऱ्यातून प्रादेशिक योजनेतला प्रस्तावित रस्ता जातो. त्यात सुमारे पाच आर अडकतात. झोन दाखल्यावर फक्त ‘शेती विभाग’ लिहिलेलं असतं. रस्ता समजायला भाग नकाशाच लागतो. दोन्ही मागावेत.

पाण्याची पट्टी कोणाची

विक्रेता जमीन दाखवायला पाण्यापर्यंत घेऊन जातो. दिवाळीनंतर पाणी उतरलं की काठाच्या पट्टीत हरभरा पेरलेला दिसतो, उन्हाळ्यात तिथेच तडे गेलेला काळा गाळ. पण नीट पाहिलं तर त्या पट्टीत एकही जुनं झाड नाही, बांध नाही, आणि वरच्या अंगाला गवतात अर्धा बुजलेला सिमेंटचा हद्दखांब आहे. हे गाळपेर क्षेत्र. धरणासाठी संपादित झालेली, जलसंपदा विभागाच्या मालकीची जमीन, जी पाणी ओसरल्यावर हंगामापुरती कसायला दिली जाते. पिढ्यान् पिढ्या तोच शेतकरी कसतो, म्हणून गाव तिला त्याचीच म्हणतं.

सातबाऱ्यावर याचा मागमूस नव्हता. संपादन झाल्यावर भूमी अभिलेख कार्यालयाने कमी-जास्त पत्रक, बोलीभाषेत ‘कजाप’, करून गटाचं क्षेत्र घटवायचं असतं आणि तलाठ्याने ते सातबाऱ्यावर आणायचं असतं. ही साखळी मध्ये कुठे तुटली की शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर सरकारी पाण्याखालची जमीन दिसत राहते. 1 हेक्टर 62 आरपैकी 22 आर असे होते. खरं खासगी क्षेत्र 1 हेक्टर 40 आर. दाखवलेल्या वीस गुंठ्यांतले पंधराच्या आसपास त्या 22 आरमध्ये.

हे कळण्याचा मार्ग दोन टप्प्यांचा. पहिला, भूसंपादनाचा निवाडा आणि संयुक्त मोजणीचा नकाशा जलसंपदा विभागाच्या कार्यालयातून किंवा भूसंपादन शाखेतून मिळवणं. न मिळाल्यास माहिती अधिकारात अर्ज. दुसरा, सरकारी मोजणी. ती खातेदारालाच मागता येते, म्हणून अर्ज विक्रेत्याने करायचा आणि फी खरेदीदाराने भरायची, असा समझोता लेखी करावा. अर्जात लगतच्या खातेदारांमध्ये जलसंपदा विभागाचं नाव घालायला विसरू नये. त्यांना नोटीस गेली नाही, तर भूकरमापक शेजाऱ्यांच्या बांधावर खुणा करून निघून जातो आणि नेमकी वादाची बाजू कच्ची राहते. मोजणीनंतर हाती येणारी ‘क’ प्रत हाच नकाशा पुढे दस्ताला जोडायचा. सॅटेलाइट नकाशावर रंगवलेली चौकट जोडलेले दस्त या पट्ट्यात दिसतात. त्या चौकटीला भूमी अभिलेखात कसलीही किंमत नाही.

काठाजवळ बांधकामासाठी जलसंपदा विभागाची ना हरकत स्वतंत्र लागते, कारण काश्यपीचं पाणी गंगापूर धरण समूहात मोडतं आणि नाशिकला पिण्यासाठी जातं. नदीकाठी असाल तर निळी आणि लाल पूररेषा पाहावी. निळी म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. धरणातून मोटारीने पाणी उचलायलाही परवाना लागतो. विहीर घ्यायची तर सार्वजनिक पिण्याच्या पाण्याचा स्रोत 500 मीटरच्या आत आहे का, ते आधी मोजावं.

नवा हिशेब

आता घरासाठी किमान 40 आर जमीन लागणार. तिघांचा समान हिस्सा असेल तर 1 हेक्टर 40 आरमधला थोरल्या भावाचा वाटा 46 आर 67 चौरस मीटर. पहिला विचार आला, 42 आर घ्यावेत आणि बाकीचे त्याच्याकडे राहू द्यावेत. ते जमत नाही: मागे उरणारे साडेचार-पाच आर हा स्वतःच तुकडा होतो. तुकडेबंदीत विकला जाणारा भाग पाहतात, तसाच मागे राहणाराही. म्हणून घ्यायचा तर पूर्ण वाटा. प्रस्तावित रस्त्याचे पाच आर मनात वजा केले तरी 41 आर 67 उरतात. दिलासा तेवढाच.

खर्च अर्थातच दुपटीच्या पुढे गेला. अशा वेळी मेहुणा किंवा मित्राला सोबत घ्यायची कल्पना हमखास निघते. घेता येतं, पण एवढ्या क्षेत्रात फार्महाउस एकच बसतं आणि नंतर वाटणी करायची म्हटली तर दोघांचेही हिस्से 0.4 हेक्टरच्या खाली. मैत्रीपुरता विचार करून असे दस्त करू नयेत.

एकत्र खात्यातला ‘पूर्वेकडचा भाग’ एका सहधारकाने परस्पर विकणं हे वादाला निमंत्रण. त्यामुळे आधी महसूल संहितेच्या कलम 85 प्रमाणे तहसीलदारांपुढे तिघांच्या संमतीचं वाटप, त्याची मोजणी, वेगळा पोटहिस्सा, आणि मग विक्री. बहिणीने ‘मला काही नको’ असं तोंडी म्हणणं पुरेसं नसतं. तिला हिस्सा सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र. घ्यायचा असेल तर तिचा वाटा नकाशावर. इथे बहिणीने वाटा ठेवला, आणि खरेदीदाराच्या दृष्टीने ते जास्त स्वच्छ झालं. विक्री फक्त एका माणसाच्या, फक्त त्याच्या नावे निघालेल्या क्षेत्राची उरली.

रस्ता, थोडक्यात

गाव नकाशावर गाडीवाट दुहेरी तुटक रेषांनी दाखवतात, पायवाट एकेरीने. या गटाला येणारी वाट नकाशावर नव्हतीच. दोन शेजाऱ्यांच्या बांधावरून ट्रॅक्टर जायचा, इतकंच. विक्रेता शेतकरी असताना बांधावरून ट्रॅक्टर जातो. शहरातली गाडी रोज जायला लागली की बांध नांगरला जातो. उपाय दोन: शेजाऱ्यांकडून नोंदणीकृत वहिवाटीचा हक्क घेणं, किंवा महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदारांकडे अर्ज. पहिला महाग पण टिकाऊ. शेतरस्त्यांची नोंद ‘इतर हक्क’ रकान्यात घेण्याचं धोरण शासनाने 2025 मध्ये आणलं आहे, त्यामुळे मिळालेला हक्क सातबाऱ्यावरही चढवून घ्यावा. डांबरी रस्त्याला जोड द्यायची असेल तर जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाची परवानगी वेगळी.

या भागात सध्या रस्त्यांची कामं जोरात आहेत. 2026-27 च्या सिंहस्थासाठी स्वतंत्र कुंभमेळा प्राधिकरण झालं आहे, आणि सुरत-चेन्नई महामार्गाची आखणी जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ, दिंडोरीपासून सिन्नरपर्यंतच्या तालुक्यांतून झाली होती. आपला गट कुठल्या संपादनाच्या अधिसूचनेत आहे का, हे प्रांत कार्यालयात विचारण्यात अर्धा दिवस जातो. घालवावा. पश्चिमेकडे त्र्यंबक, इगतपुरीच्या बाजूला पाहत असाल तर पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यातली (जुलै 2024 चा मसुदा किंवा त्यानंतरचा) गावांची यादीही पाहावी.

ते चार बंगले

ग्रामपंचायतीचा बांधकाम परवानगीचा अधिकार गावठाणापुरता. गावठाणाबाहेर, एनएमआरडीएच्या हद्दीत, परवानगी प्राधिकरणाची. मग शेजारी बंगले कसे उभे आहेत? त्यांच्या मालकांकडे बहुधा दोन कागद असतात: नमुना 8 चा उतारा आणि वीजबिल. नमुना 8 ही करआकारणीची नोंद आहे. उभ्या बांधकामावर ग्रामपंचायत घरपट्टी लावते, मग ते परवानगीचं असो वा नसो. घरपट्टी भरली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही. सरपंचाच्या सहीचा ‘ना हरकत दाखला’ही तेवढ्याच वजनाचा. नगररचना अधिनियमाच्या कलम 53 ची नोटीस आली की यातला कुठलाही कागद उत्तर म्हणून चालत नाही. शेतीपंपाच्या कनेक्शनवर घर चालवलं तर वीज कायद्याच्या कलम 126 खाली अनधिकृत वापराचं बिल येतं, ते आणखी वेगळं.

ग्रामपंचायतीला मात्र टाळूही नये. थकीत कर, पाणीपुरवठ्याची वाहिनी, गावाची गटावरून जाणारी जुनी वहिवाट या गोष्टी तिथल्याच दप्तरात आणि तिथल्याच माणसांना माहीत असतात. एका दुपारी ग्रामपंचायतीच्या कार्यालयात बसलं की भावाभावांत दावा चालू आहे का, हेही कळतं.

साठेखत आणि पुढे

इसाराचे दोन लाख आठवड्यात दिले नाहीत. त्याऐवजी नोंदणीकृत साठेखत, म्हणजे पुढे विक्री करण्याचा करार, केलं आणि प्रत्येक हप्ता एका कागदाला बांधला. पहिला हप्ता 36अ आणि 1974 च्या कायद्याबाबतची नक्कल हाती आल्यावर. दुसरा कलम 85 चं वाटप मंजूर झाल्यावर. तिसरा मोजणीची ‘क’ प्रत, बोजा कमी झालेला सातबारा आणि 72 रुपयांचं चलन समोर आल्यावर, खरेदीखताच्या दिवशी. दहा टक्के रक्कम फेरफार प्रमाणित होईपर्यंत राखून. दर ‘गुंठ्याला इतके’ असा आणि क्षेत्र ‘सरकारी मोजणीत निघेल तितके’ असं लिहिलं. हे कलम नसतं, तर पाण्याखालच्या जमिनीचे पैसेही द्यावे लागले असते.

नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त 30,000 रुपये. मुद्रांक शुल्कात जिल्हा परिषदेचा एक टक्का अधिभार असतो. जिल्हा परिषदेचा या खरेदीशी येणारा संबंध बहुतेक वेळा एवढाच, आणि रस्त्याचा.

दस्तानंतर ई-फेरफारात नोंद जाते, नोटीस निघते आणि हरकतीसाठी 15 दिवस असतात. ती नोटीस ‘आपली चावडी’ या महसूल खात्याच्या संकेतस्थळावर रोज उघडून पाहावी. हरकत आली तर ती पंधराव्या दिवशी कळण्यापेक्षा तिसऱ्या दिवशी कळलेली बरी. मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली, नवा सातबारा 0.46.67 क्षेत्राचा निघाला, राखलेले दहा टक्के दिले. फार्महाउसचा नकाशा आर्किटेक्टमार्फत प्राधिकरणाकडे त्यानंतर गेला. मंजुरी मिळाली की वर्षभरात काम सुरू करावं लागतं, नाहीतर मुदतवाढ घ्यावी लागते. म्हणून पैशांची सोय नसताना मंजुरी घेऊन ठेवण्यात अर्थ नाही.

ज्यांना दहा-वीस गुंठ्यांतच घर हवं आहे, त्यांनी शेती झोनमधला गट शोधू नये. त्यांच्यासाठी गावठाणातलं जुनं घर किंवा मंजूर अभिन्यासातला (लेआउटमधला) प्लॉट. अभिन्यासाच्या नकाशावर ‘तात्पुरती मंजुरी’ आहे की ‘अंतिम’, शिक्का कोणत्या कार्यालयाचा आणि कोणत्या तारखेचा, अंतर्गत रस्ते आणि खुली जागा जागेवर आहेत का, आणि आपल्या प्लॉटचा सातबारा वेगळा निघाला आहे का, एवढं पाहावं. ‘कलेक्टर एनए’ असं पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. आदेशाचा क्रमांक विचारला की बऱ्याचदा विक्रेत्याचा फोन व्यस्त लागतो.